शिल्पातलं जनावर: पाथरवटाने डोळ्यांनी पाहिलेलं की नुसतं ऐकलेलं?

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. नोकरी माणदेशात, त्यामुळे दिवसभर खिलार, म्हशी, शेरडं-मेंढरं. सुट्टीत कुठेही फिरायला गेलो तरी देवळात, लेण्यात, वाड्यावर मी आधी जनावरं बघतो. घरचे दर्शनाच्या रांगेत असतात आणि मी जोत्यापाशी बसून गजथरातले, म्हणजे तिथे ओळीने कोरलेले हत्ती एकेक करून बघत असतो. बघता बघता एक सवय लागली आहे. हे जनावर घडवणाऱ्याने ते जिवंत पाहिलं होतं का, हे मी ताडून बघतो.

नंदीचंच घ्या. बसलेला बैल मागचा भार एका कुशीवर टाकतो. मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला येतात आणि कंबर कललेली दिसते. चांगल्या नंदीत हे असतंच. नंदीच्या समोरून सगळे हात जोडून पुढे जातात. तुम्ही एकदा त्याच्या मागे जाऊन उभे राहा. दोन्ही कुशी सारख्या, शेपटी बरोबर मधोमध असेल, तर घडवणाऱ्याने दुसरा नंदी बघून हा नंदी केला, बैल बघून नाही. गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घड्या, वशिंडाची जागा, पुढच्या रोवलेल्या पायाचा खूर, हे सगळं त्यानंतर बघायचं.

हत्तीत मागचा पाय बघावा. बैलाच्या, घोड्याच्या मागच्या पायात जो सांधा मागे टोकदार निघालेला दिसतो, तसा हत्तीला दिसत नाही. त्याचा गुडघा पुढे वाकतो आणि पोटाखाली बराच खाली असतो. बसताना हत्ती मागचे पाय मागे पसरतो. नखंही मोजावीत: पुढच्या पायाला सहसा पाच, मागच्याला चार. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी हत्तीत फारशी चूक केलेली मला आढळत नाही. सिंहाचं मात्र उलट. आयाळ म्हणजे ओळीने कोरलेली वेटोळी, डोळे बटबटीत, तोंड मुखवट्याचं. दख्खनच्या पाथरवटासमोर जिवंत सिंह क्वचितच आला असणार.

आता मुद्द्याचा प्रश्न. पुण्यात सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. बांधकाम १७५४ मध्ये सुरू झालं, १७७० मध्ये पूर्ण झालं. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला एकशिंगी गेंडा आहे आणि त्याच्या भोवती गोरे शिपाई. १७५७ च्या प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल जखडला, त्याचं हे चित्र, असा अर्थ लावला जातो. अर्थ ठीक आहे, पण पुण्यातल्या पाथरवटाला गेंडा कसा असतो हे कळलं कुठून? आणि अशी परमुलखातली जनावरं तुम्हाला फिरताना आणखी कुठे भेटली आहेत? ठिकाण, नेमकी जागा आणि कोणत्या वेळी उजेड बरा असतो, एवढं सांगाल तर फार उपकार होतील.

पर्वतीकर

डॉक्टर, पुण्यात गेंडा होता! पर्वतीच्या पायथ्याला पेशव्यांचा शिकारखाना होता, म्हणजे जनावरं बाळगायची जागा. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने तिथला गेंडा १७९० मध्ये चितारला. सवाई माधवरावांच्या काळातली ही गोष्ट. तांबट तेव्हा पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करत होता, वेरूळच्या लेण्यांची चित्रंही त्याने काढली. गेंड्याचं ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे, त्यांच्या संकेतस्थळावर मोठं करून बघता येतं. कातडीच्या घड्या बघा, तुम्हाला पटेल की माणूस गेंड्यासमोर बसूनच काढतो आहे.

देऊळ पूर्ण झाल्यावर वीसेक वर्षांनी हे चित्र आलं, त्यामुळे पाथरवटाने हाच गेंडा पाहिला असं म्हणता येणार नाही. पण दूरदूरची जनावरं पुण्यात आणण्याची हौस दरबाराला होती, एवढं नक्की. आणि त्रिशुंडला गेलातच तर आत गणपतीचं वाहन बघायला विसरू नका. तिथे उंदीर नाही, मोर आहे.

बेडसे_सकाळी

उजेडाचं विचारलंत म्हणून लिहिते. बेडसे लेणं पूर्वाभिमुख आहे, तिथे सकाळी लवकर जा. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला, तिथे दुपार कलल्यावर. दोन्ही मावळात, एका दिवसात होतात, फक्त क्रम उलटा करू नका.

बेडशाच्या व्हरांड्यातल्या खांबांवर घोडे, बैल, हत्ती जोडीने बसलेत आणि त्यांच्यावर माणसं. स्वारांना रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, नाही, पाय सरळ लोंबते आहेत. आपल्याकडे रिकीब यायच्या आधीचं काम आहे ते. घोड्यांच्या मानेवरचे ताणलेले स्नायू खालून, खांबाला पाठ लावून बघितले तर नीट कळतात. कार्ल्याला व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना मोठे हत्ती आहेत. सुळ्यांच्या जागी खोबणी दिसते, तिथे पूर्वी खरे हस्तिदंत बसवलेले होते असं सांगतात.

अजिंठ्याला लेणं क्रमांक १ मध्ये एका खांबाच्या शीर्षावर चार हरणांना मिळून एकच तोंड आहे. चारांपैकी कुठल्याही धडाकडे बघा, मान त्याचीच वाटते. गाइड बॅटरीचा झोत टाकून दाखवतो आणि घाईने पुढे नेतो. तुम्ही थांबा. एक धड हाताच्या आडोशाने झाका, मग दुसरं झाका, प्रत्येक वेळी उरलेलं हरीण पुरं असतं. ज्याने हरणं पुष्कळ पाहिली आहेत त्यालाच हे जमेल, असं मला वाटतं.

गडवाट

डॉक्टरसाहेब, तुमची कसोटी मला थोडी अपुरी वाटते. किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ, म्हणजे तो कल्पनेतला पशू घ्या. तो कुणीच पाहिलेला नाही, मग तो कमी दर्जाचा का? मुरूड-जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर तो भेटतो: धड वाघासारखं आणि पंजांत हत्ती दाबून धरलेले. समुद्रातून आलेल्या माणसाला आधी हे दिसावं, ही त्याची योजना आहे. तिथे शरीररचना बरोबर की चूक हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. धाक बसतो की नाही हे बघायचं. मला आजही बसतो.

बोरीबंदर

मुंबईत राहणाऱ्यांनी लांब जायची गरज नाही. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. रोज हजारो माणसं त्यांच्या खालून जातात. उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबावर माकड न्यायाधीश झालं आहे, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात वाकडा तराजू!

पण मी सांगणार आहे तो राणीच्या बागेतला दगडी हत्ती, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा क्रेन मोडली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे १९१४ मध्ये जोडले. जवळून बघितलं तर जोड दिसतात. लोक लेणी बघायला बेटावर जातात आणि ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळालं तो भायखळ्यात उभा आहे, याचं मला फार वाईट वाटतं. मुलांना घेऊन जाल तर पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी पाच मिनिटं त्याला द्या.

लिस्बनवासी

गेंड्याचा विषय निघाला म्हणून खास लॉग-इन केलं. इथे लिस्बनला नदीकाठी बेलेंचा मनोरा आहे. त्याच्या एका छोट्या बुरुजीच्या तळाशी दगडात गेंड्याचं डोकं आहे. झीज एवढी झाली आहे की माहीत नसेल तर ओबडधोबड दगडच वाटतो.

तो गेंडा गोव्याहून आला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिलेला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालच्या राजाला पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाज निघालं आणि २० मे रोजी लिस्बनला लागलं. मनोऱ्याचं बांधकाम तेव्हा चालू होतं. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं, तर हत्ती पळून गेला. पुढे राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा साखळदंडाने बांधलेला होता, त्यामुळे त्याला पोहता आलं नाही.

जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराने कुणाच्या तरी वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं लाकडी ठशातलं चित्र केलं. त्याने स्वतः गेंडा पाहिला नव्हता. अंगावर चिलखताचे पत्रे काढले आणि पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग दिलं. नंतर कितीतरी वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की हेच चित्र समोर यायचं. डॉक्टर, ऐकून काढलेल्या जनावराचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

गुरांचा डॉक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीकर, तांबटांचं चित्र रात्री बराच वेळ मोठं करून बघितलं. खांद्यावरची आणि मांडीवरची घडी जिथे पडायला हवी तिथेच पडली आहे. ड्यूररचं चित्र शेजारी ठेवलं तेव्हा फरक लख्ख दिसला. ड्यूररचा हात मोठा आहे, यात शंका नाही, पण त्याच्या पत्र्यांखाली गेंडा चालणार कसा? तांबटांचा गेंडा उठून चालू लागेल. आपल्या शाळांतून या माणसाचं नाव का शिकवत नाहीत, हे मला कळत नाही.

गडवाट, शरभाबद्दल तुमचं बरोबर आहे, धाक हीच त्याची कसोटी. तरी एक सांगतो. पुढच्या वेळी त्याचे पंजे बघा. शरभ कुणी पाहिलेला नसला तरी वाघ-बिबट्याचा पंजा पाहिलेल्या माणसाने तो कोरला असेल, तर धाक दुप्पट बसतो. न पाहिलेल्या जनावराचे अवयव पाहिलेल्या जनावरांकडूनच उसने घ्यावे लागतात.

बेडसे_सकाळी, हरणांची युक्ती करून बघणार. चार मानांचे स्नायू एका मानेत कसे बसवले असतील, याचाच विचार चालू आहे.

लिस्बनवासी, गेंड्याच्या डोक्याचा बाजूने काढलेला फोटो मिळाला तर हवा आहे. झीज झाली तरी कान कुठे आहेत आणि शिंग नाकपुडीपासून किती मागे आहे, एवढं कळलं तरी पुरे.

पूर्वघाट

डॉक्टर, महाबलीपुरमला जा. मोठ्या कातळशिल्पात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून तप करतं आहे आणि पायाशी उंदीर निर्धास्त बसलेत. ते सगळे बघतात. जवळच एक सुटं माकडांचं कुटुंब आहे, ते बघा. मादी पिल्लाला पाजते आहे आणि नर तिच्या उवा वेचतो आहे. कोणार्कला सूर्यमंदिराच्या जोत्यावर, दक्षिणेकडच्या बाजूला, राजासमोर आणलेला जिराफ कोरलेला आहे. तेराव्या शतकात ओडिशात जिराफ! तुमच्या कसोटीवर तो उतरतो का, ते बघून इथेच लिहा. मान जमली आहे, पायांबद्दल मला खात्री नाही.

लिस्बनवासी

फोटो रविवारी टाकतो. सकाळी ती बाजू सावलीत असते, संध्याकाळी जाईन.