चक्कर, चार डॉक्टर आणि मानेचा पट्टा

चार डॉक्टर बदलूनही चक्कर कशाची ते कळलं नाही म्हणजे चौघेही बिनकामाचे, असं लोक म्हणतात; हे मला पूर्ण पटत नाही. माझंच सांगतो. कुशीवर वळलं की खोली गरगर फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. पहिल्यांनी रक्तदाब मोजून विश्रांती सांगितली. दुसऱ्यांना एक्स-रेत मणक्याची झीज दिसली (वय वाढलं की ती बहुतेकांना दिसतेच म्हणा), पट्टा गळ्यात! तिसऱ्यांनी एमआरआय काढला. नॉर्मल.

चौथ्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरीणबाई. "नेमकी कधी येते, किती वेळ टिकते?" एवढंच विचारलं, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं आणि माझे डोळे थरथरताना पाहिले. झालं निदान. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासूनची, यंत्र लागत नाही. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे भलत्याच नलिकेत शिरले होते. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून पाचेक मिनिटांत त्या नलिकेतून बाहेर काढले. गोळी एकही नाही.

पण आधीच्या तिघांना मी नुसतं "चक्कर येते" म्हणालो होतो. कुशीचं त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. पुढे त्रास उलटला तेव्हा थेट बाईंकडेच गेलो. पट्टा अजून कपाटात आहे.