केना घालतोय, सरकी पेंड निम्मी केली तर चालेल का? मदत हवी आहे

बांधावरचा (लातूर)
सोयाबीनमध्ये यंदा केन्याचं तण बेफाम माजलंय. खुरपणीच्या बायका भारे काढून टाकतात, तेच म्हशींना घालतोय. आवडीनं खातात. पेंडीचे भाव बघता वाटतंय की केना असताना पेंड कशाला? गावात एक जण म्हणाला, केन्यात लसूणघासाएवढी प्रथिनं असतात. खरं का? पेंड किती कमी करू, नेमका आकडा सांगा. "डॉक्टरांना विचारा" असं लिहू नका. उद्या बाजार आहे, लवकर सांगा.

गोठा_सांगोला
म्हशी किती? दुभत्या का भाकड? दूध किती? पेंड आत्ता किती देता? हे न सांगता आकडा कुठून काढायचा?

हिरवेसोने
केन्याच्या नादी लागू नका. अझोला करा, पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं! प्लास्टिक अंथरून खड्डा, थोडं शेण, थोडी माती, रोज ताजा चारा. माझ्याकडं जनावराला दोन किलो अझोला असतो, पेंड जवळजवळ बंद.

बांधावरचा
अझोला विचारलेला नाही. दोन म्हशी आहेत, दोन्ही दुभत्या. पेंड प्रत्येकी तीन किलो.

दावणीवाला (पशुवैद्यकीयचं शेवटचं वर्ष)
केना किती किलो घालता?

बांधावरचा
मोजत कोण बसतंय. सकाळी एक भारा, संध्याकाळी एक. बाईच्या डोक्यावर झेपेल तेवढा.

दावणीवाला
म्हणजे म्हशीला रोज २० किलोच्या आसपास धरू. कोवळ्या केन्यात कोरडा भाग जेमतेम १० ते १५ टक्के, बाकी पाणी. २० किलोत हाती लागतो अडीच किलो कोरडा चारा. त्यात प्रथिनं १५ टक्के धरली (कोवळा असेल तर जास्त, फुलावर आला की कमी) तर साधारण पावणेचारशे ग्रॅम. दीड किलो सरकी पेंडीत तेवढीच असतात. तेव्हा तुमच्या गावातला माणूस अगदीच खोटं बोलत नाही.

बांधावरचा
म्हणजे निम्मी केली तरी चालतंय. धन्यवाद.

दावणीवाला
थांबा की! हे झालं नुसतं प्रथिनांचं. पेंडीत तेल असतं, ताकद असते. दुभत्या म्हशीला दिवसाला ११ ते १३ किलो कोरडा चारा पोटात जायला लागतो. तो नुसत्या केन्यातून द्यायचा तर शंभर किलो घालावा लागेल. कडबा किती खातात?

गोठा_सांगोला
मीही तेच विचारणार होतो. आणि दुधाला फॅट किती लागतंय सध्या?

बांधावरचा
कडबा बंद केलाय, हिरवं असताना वाळलं कशाला घालायचं? फॅट सातच्या वर होतं, आता सहाच्या आत आलंय. ते पावसाळ्यात येतंच. शेणही पातळ पडतंय, हिरव्याचं तसंच असतं.

गोठा_सांगोला
अहो मग धाग्याचं नाव "फॅट पडलं, मदत हवी" असं पाहिजे होतं!

दावणीवाला
पावसाळ्यावर ढकलू नका. वाळली वैरण गेली की रवंथ कमी होतो, आणि रवंथ कमी झाला की फॅट पडतंच. आधी केना, मग पेंड, असा क्रम नकोच. आधी कुट्टी केलेला कडबा पोटभर. केना कापून अर्धा दिवस सुकवा, मग कुट्टीत मिसळा. कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच, केन्याचा खरा उपयोग तिथं आहे. शेण बांधलं, फॅट वर आलं, की पेंड अर्ध्या किलोनं कमी करून बघा. एकदम निम्मी नाही.

माळरान
सुकवला की नायट्रेटची, म्हणजे तणात साठणाऱ्या विषारी क्षाराची, भीतीही जाते. आमच्याकडं उघडीपीनंतर पाऊस झाला की सगळं तण सुकवूनच घालतात.

दावणीवाला
नायट्रेट सुकवून जात नाही. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातलं विष सुकवल्यावर कमी होतं, ते वेगळं. नायट्रेट वाळल्या चाऱ्यातही तसंच राहतं, मुरघासात थोडंफार घटतं. काटेमाठ आणि उकिरड्याकडेचं तण यात जास्त वाईट. युरिया टाकलेल्या रानातलं लगेच घालू नका.

माळरान
आमची जनावरं काय मेली नाहीत अजून.

कोकणातली_काकू
केन्याच्या पानांची भजी करतात आमच्याकडे. बेसन, ओवा, हिंग. पान अख्खं बुडवायचं. कोवळीच घ्या, जून पान चरबरीत लागतं.

जुना_खुरपा
भजी छान, पण रानाचं बघा. केना जमिनीखालीही फुलतो आणि तिथंच बी धरतो. कांड्याचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो. बी धरलेला केना गोठ्यात नेला तर काही बी शेणातून परत रानात. शेणखत नीट कुजवूनच टाका. ग्लायफोसेट तणनाशकानंही हा सहजी मरत नाही, म्हणून तर माजतो.

गोठा_सांगोला
यावरून आठवलं, सोयाबीनला तणनाशक मारलंय का?

बांधावरचा
मारलंय की. त्यातून उरलेलंच बायका खुरपतात. त्यात काय सांगायचं, सगळेच मारतात.

गोठा_सांगोला
हे शेवटी सांगताय!!

दावणीवाला
औषधाचं नाव काय? कधी मारलं? चाऱ्यासाठी किती दिवस थांबायचं हे पत्रकावर असतं. कळेपर्यंत त्या रानातला भारा बंद.

बांधावरचा
दुकानदारानं दोन मिसळून दिली होती. डबा भंगारात गेला.

हिरवेसोने
म्हणून म्हणतो, अझोला. फवारणी नाही, काही नाही.

दावणीवाला
अझोल्यात तर केन्याहून जास्त पाणी. दोन किलोत कोरडा भाग शंभर-सव्वाशे ग्रॅम, प्रथिनं पंचवीस-तीस ग्रॅम. एवढ्यावर पेंड बंद?

हिरवेसोने
कागदावरचं गणित म्हशीला कळत नाही. दूध वाढलंय माझं.

बांधावरचा
तुमचं तुम्ही भांडा. बिनफवारणीचं माझ्याकडं बांधच आहेत आणि तिथं केना नाही, सगळं गाजर गवत. ते घातलं तर?

जुना_खुरपा
अजिबात नको. दूध कडू होतं, जनावराच्या कातडीला खाज सुटते, उपटणाऱ्या माणसालाही. हे आपल्याकडं पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. मेक्सिकन भुंगा सोडा त्यावर, पावसाळ्यात पानं चट्टामट्टा करतो.

माळरान
भुंगा मिळतो कुठं? आमच्याही बांधावर सोडायचाय.

बांधावरचा
भुंग्याचा धागा वेगळा काढा. मी उद्या किती पेंड आणू?

दावणीवाला
आहे तेवढीच. आणि कडबा.