मदत हवी आहे: शटडाउन करताना पीसी अडकतो

दिवाळीत घरीच जोडलेला पीसी आहे. दिवसभर कुठेही अडत नाही. शटडाउन केलं की स्क्रीन काळी होते, पण कॅबिनेटचे पंखे आणि कीबोर्डचा दिवा चालूच राहतो. दहा-दहा मिनिटं थांबून पाहिलं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं, मग पुढच्या वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर 41 ची, म्हणजे पीसी नीट बंद न झाल्याची, नोंद दिसते. रीस्टार्ट मात्र व्यवस्थित होतो.

फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद केलं, चिपसेटचा ड्रायव्हर नवा टाकला. फरक नाही. काल वायफायचं यूएसबी डोंगल काढलं तर दोनदा नीट बंद झाला, तिसऱ्यांदा पुन्हा तेच.

बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला हात धजावत नाही. आमच्याकडे वीज कधीही जाते आणि यूपीएस नाही. आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) बदलून पाहू का? लेकीचा प्रोजेक्ट याच पीसीच्या एसएसडीवर (डिस्कवर) आहे, म्हणून फार धास्ती वाटते.