क्रूझवरून उतरलात तेव्हा बंदरातून काय आणलंत? (अनुभव धागा)

सांजवात

पाडव्याच्या श्रीखंडासाठी डब्यातून जायफळ काढलं आणि लक्षात आलं, हे शेवटचं. पेनांगचं.

२०१८ साली आईला घेऊन सिंगापूरहून निघणारी क्रूझ केली होती. मधला एक दिवस मलेशियातलं पेनांग. बोट लागते ती थेट जॉर्जटाऊनच्या धक्क्याला, तिथून चालत लिटल इंडिया. हातात जेमतेम पाच तास. सगळे मॅग्नेट आणि टीशर्टांवर तुटून पडलेले. आई मात्र एका दुकानात पोत्यापाशी उभी राहिली. कवचासकट जायफळं होती. एकेक उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. आत खुळखुळलं तर डावीकडे, नाही तर परत पोत्यात. चांगलं वाळलं की बी आत सुटतं आणि वाजतं. दुकानातल्या बाई आधी बघत राहिल्या, मग त्याही एकेक हलवून आईच्या हातात द्यायला लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

बावीस घेतली. अकरा घरं, प्रत्येकी दोन. मी घड्याळ बघत होते, "आई, जायफळ दादरलाही मिळतं गं." तर म्हणाली, "मिळतं. पण हे मी हलवून घेतलंय."

रात्री केबिनमध्ये बसून जुन्या कॉटनच्या साडीच्या तुकड्यांत अकरा पुरचुंड्या बांधल्या. आई जाऊन दोन वर्षं झाली.

तुम्ही सांगा. बंदरात मोजके तास मिळतात, त्यात काय घेतलंत, कोणासाठी? ते खरंच तिथलं निघालं का? फसला असाल तर तेही लिहा, पुढच्याला उपयोग होईल.

---

चहाबाज

शेवटचं वाक्य वाचून घसा दाटला गं. माझंही आहे एक, फ्रान्समधल्या मार्सेचं. कुकर लावलाय, येते.

---

दूरदेशी

अलास्का. जुनो, स्कॅगवे, केचिकन.

बोटीवर पहिल्याच दिवशी खरेदीचं व्याख्यान झालं आणि दुकानांचा नकाशा मिळाला. त्या नकाशात यायला दुकानं पैसे भरतात हे तेव्हा माहीत नव्हतं. मी एका चकचकीत दुकानातून वहिनीसाठी टांझानाइटचं पेंडंट घेतलं. हा दगड फक्त टांझानियात सापडतो! म्हणजे अलास्काची आठवण म्हणून आफ्रिकेचा खडा. खडा खरा आहे, वहिनी घालतेही, पण मला अजून चुटपुट लागते.

केचिकनला शहाणपण आलं. तिथे दोन चिन्हं बघायची. चंदेरी हाताचं चिन्ह असेल तर वस्तू अलास्काच्या मूळ रहिवासी कलाकाराने केलेली. अस्वलीण आणि पिल्लू असेल तर अलास्कात बनलेली. कुठलंच नसेल तर उलटी करून बघा, कुठून आली ते बुडाला लिहिलेलं असतं.

एक जण दुकानातच कोपऱ्यात बसून सीडरचं लाकूड कोरत होता. त्याच्याकडून तळहाताएवढा डोमकावळा घेतला. त्याने सांगितलं, आम्हा त्लिंगित लोकांत प्रत्येक जण एक तर डोमकावळ्याच्या बाजूचा, नाही तर गरुडाच्या. बाजू आईकडून येते आणि लग्न जुन्या रीतीने समोरच्या बाजूतच. बायको पटकन म्हणाली, "म्हणजे सगोत्र चालत नाही!" मग तिने त्याला गोत्र म्हणजे काय ते समजावलं. अर्धा तास गेला, फिरायची बस चुकली. बिलकुल वाईट वाटलं नाही.

कावळा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. पावसाळ्यात जवळ गेलं की अजून सीडरचा वास येतो.

---

पानसुपारी

@दूरदेशी वहिनीला सांगितलंत का खड्याचं?

---

दूरदेशी

सांगितलं. म्हणाली, भावजी, तुम्ही आठवण ठेवलीत ना, मग झालं.

---

खारेवारे

मी मुरगावची, त्यामुळे उलट्या बाजूने लिहिते. हंगामात आमच्या बंदराला परदेशी बोटी लागतात. लोक उतरतात, आणि गोव्याची आठवण म्हणून काश्मिरी शाली नि राजस्थानी पिशव्या घेऊन जातात. वस्तूंना नावं ठेवत नाही, पण इथे हाताने काम करणारी माणसं आहेत हो, त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. जीव तुटतो.

गोव्याला उतरलात तर कुणबी साडीच्या लाल चौकड्यांचा स्टोल बघा. पणजीला फोंतेन्हासमध्ये गेलात तर हाताने रंगवलेली आझुलेज टाईल घ्या, एकच घ्या पण हाताची घ्या. छापील टाईलवर सगळ्या रेषा सारख्या असतात. हाताच्या टाईलवर निळा रंग कुठे दाट कुठे फिका होतो, कुंचला उचलला तिथे टोक दिसतं. काजू सालासकट भाजलेले. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण बाटली बोटीवर चढताना बहुतेक ठिकाणी काढून ठेवतात आणि सफर संपताना परत देतात, घाबरू नका. बेबिंका घेतलात तर वाटेतच संपेल, ती भेट म्हणून धरू नका :)

---

बंदरकाठ

क्रूझ कधी केली नाही. पण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रोहिणी आणि कोकणसेवक या बोटींनी खूप फिरलोय, आणि बंदर म्हटलं की मला तेच आठवतं. बऱ्याच ठिकाणी बोट लांब उभी राहायची, होडीने उतरायचं. लाट वर आली की खलाशी दंड धरून ओढून घ्यायचा.

वडील वेंगुर्ल्याहून परत येताना सावंतवाडीच्या लाकडी फळांची टोपली आणायचे. केळं, आंबा, सीताफळ, मिरचीसुद्धा. धाकट्या बहिणीने केळ्याचा पिवळा रंग चाटून चाटून काढला होता. त्या टोपलीसाठी आम्ही पोरं धक्क्यावर पहाटेपासून उभी असायचो.

---

करवंद

रोहिणी!! आमचे आजोबा देवगडला चढायचे. आजी सांगायची, बोट लागली की अख्खी होडी ओकत असायची.

---

बंदरकाठ

देवगडात कुठले तुम्ही?

---

करवंद

जामसंडे.

---

बंदरकाठ

अरे, माझी आत्या जामसंड्याला दिलेली. वेगळा निरोप टाकतो.

---

ओंजळ

लक्षद्वीप. मुंबईहून गोवा करून बोट जाते. मोठी बोट समुद्रातच थांबते, छोट्या बोटीने अगत्तीला. चार तास.

लेक तेव्हा सात वर्षांची. किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा उचलला, बोटाएवढा, फांद्या फुटलेला. आजोबांना द्यायचा होता. मला वाटलं पडलेलाच आहे, काय बिघडलं. होडीवरच्या मुलाने बघितलं आणि खाली बसून तिला सांगितलं, हा नेता येत नाही, मेलेलाही नाही, कायदा आहे (वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच यादीत आहे, हे नंतर वाचलं). आणि म्हणाला, आमचं बेट याच तुकड्यांचं बनलंय, सगळ्यांनी एकेक नेला तर आम्ही कुठे उभं राहायचं?

लेकीने तुकडा परत पाण्याच्या कडेला ठेवला. रडली नाही. रात्री बोटीवर त्याचं चित्र काढलं, फांद्या मोजून. तेच आजोबांना दिलं. त्यांनी ते फ्रेम केलंय.

---

पानसुपारी

@ओंजळ फ्रेमचा फोटो टाक ना.

@सांजवात पुढच्या महिन्यात पेनांग आहे. तिथली ती गोल तांबून बिस्किटं शाकाहारी असतात का?

---

सांजवात

पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, शाकाहारी वेगळी मिळतात. वेष्टनावर बघून आणि विचारूनच घे. त्यापेक्षा जायफळाच्या गराच्या सुकवलेल्या फोडी घे, आवळ्याच्या गोड सुपारीसारख्या लागतात.

---

कंदील

कोची. सहाशेच रुपये उरले होते, म्हणून आरनमुळा कण्णाडी परवडला नाही, फक्त बघितला. काच नाही, धातूच घासून घासून आरसा केलेला. दुकानदार म्हणाला बोट टेकवा. साध्या आरशात बोट आणि प्रतिबिंब यांत फट राहते, काचेच्या जाडीमुळे. इथे बोटाला बोट भिडलं. अंगावर काटा आला. पुढच्या वेळी ताईच्या मुहूर्तमेढीआधी जाऊन आणणार आहे, पैसे बाजूला टाकतोय.

वेलची घेतली मग, मट्टांचेरीतून. हिरवीगार, अजून वास आहे.

---

चहाबाज

आले. कुकर, पोळ्या, सगळं आवरलं.

मार्से. बंदराजवळ साबणांचे ढीगच्या ढीग, गुलाबी, जांभळे, वासाचे. मी जांभळा घेणार होते, लॅव्हेंडर आवडतं म्हणून. दुकानातल्या मुलीने एक हिरवट, ओबडधोबड चौकोन हातात दिला. अंगावर ७२ % असा ठसा. म्हणाली, हा खरा, बहात्तर टक्के तेल, रंग नाही, सेंट नाही. वास अगदी साधा, धुतलेल्या कपड्यांचा.

सासूबाईंसाठी आणला. त्यांनी तो वापरलाच नाही. मला वाटलं आवडला नाही. गेल्या वर्षी त्यांचं कपाट आवरताना नऊवाऱ्यांच्या घड्यांमध्ये सापडला, कडा थोड्या सुकून पांढऱ्या झालेल्या, आणि सगळ्या साड्यांना तोच वास.

---

सांजवात

अगं...

---

सांजवात

@चहाबाज तसाच ठेव तो. काढू नकोस तिथून.

@पानसुपारी पेनांगला गेलीस तर जायफळं कवचासकटच घे, टिकतात. आणि हलवून घे.