रविवारचा सिनेमा: थॉमस मिचेलच्या पोस्टरवरून

गोखले काका, बी-४०३: शिंदे मॅडम, पोस्टर खाली लिफ्टजवळ लागलंय. त्यावर छापलंय तसं हॉलिवूडचा नट थॉमस मिचेल याला ऑस्कर ‘गॉन विथ द विंड’साठी नाही मिळालं. ‘स्टेजकोच’साठी मिळालं. गेल्या वेळचा घोळ सगळ्यांना आठवत असेल, म्हणून ग्रुपवरच लिहितोय. कृपया आजच बदला.

शिंदे मॅडम, ए-१०२: काका, मला वैयक्तिक मेसेज केला असता तरी चाललं असतं. बदलते.

गोखले काका, बी-४०३: राग मानू नका. गल्लत का होते तेही सांगतो. दोन्ही चित्रपट १९३९ चे आणि तो दोन्हीत आहे. ‘गॉन विथ द विंड’मध्ये नायिका स्कार्लेटचा बाप जेराल्ड ओहारा. त्या चित्रपटाला सहाय्यक भूमिकेचं ऑस्कर मिळालं ते हॅटी मॅकडॅनियलला. आणि पोस्टरवर ऑस्करचा पुतळा छापलाय तोही काढा. तेव्हा सहाय्यक कलाकारांना पुतळा नव्हे, फलक द्यायचे.

साठे, सी-२०१: हॉल साडेनऊला बंद. वॉचमन थांबणार नाही. ‘गॉन विथ द विंड’ जवळजवळ चार तासांचा आहे. सहाला सुरू केला तर दहा वाजतील.

रोहित, ए-३०५: साठे काका, चार तासांचा असेल तर मध्ये जेवणच ठेवू 😄 डी विंगचा मसालेभात फेमस आहे.

देशपांडे काकू, डी-१०१: मसालेभात करते, पण पातेलं या वेळी घासून परत आलं पाहिजे. संक्रांतीचं अजून कुणाकडे आहे ते त्यांना माहीत आहे.

पवार, सेक्रेटरी: विषयावर राहू या. कोणते सिनेमे लावायचे ते ठरवा.

गोखले काका, बी-४०३: माझं म्हणणं एवढंच की १९३९ दाखवा. एका वर्षात या माणसाचे पाच चित्रपट आले. ‘स्टेजकोच’मध्ये दारुडा डॉक्टर बून, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये पत्रकार डिझ मूर, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये नजर अधू होत चाललेला वैमानिक किड, ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मध्ये भिकाऱ्यांचा राजा क्लोपँ आणि शेवटी जेराल्ड ओहारा. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नामांकनं होती. त्यातल्या तीन चित्रपटांत हा आहे. त्याला पोस्टरवर ‘साइड अॅक्टर’ लिहिलंय ते मला खरंच लागलं.

रोहित, ए-३०५: पण दारुडा डॉक्टर बघायला बालगोपाळ येणार का काका 😄

मनीषा ताई, बी-१०४: अरे, ती भूमिका नुसत्या झिंगण्याची नाही. आधी तो घोडागाडीतल्या सहप्रवाशाच्या, एका व्हिस्की विक्रेत्याच्या, नमुन्याच्या बाटल्या संपवतो. मग गाडीतल्याच मिसेस मॅलरीला कळा लागतात आणि हा काळी कॉफी मागत सुटतो, अजून, अजून, शुद्धीवर येईपर्यंत. शेवटी लॉर्ड्सबर्गच्या दारूच्या गुत्त्यात गुंड ल्यूक प्लमरसमोर उभा राहून बंदूक टाकायला लावतो. ल्यूक गेल्यावर त्याचा चेहरा बघ. इतका वेळ तो किती घाबरलेला होता ते तेव्हा कळतं.

गोखले काका, बी-४०३: अगदी बरोबर. आणि ‘स्टेजकोच’च्या दोन वर्षं आधी त्याच दिग्दर्शकाच्या, जॉन फोर्डच्या ‘द हरिकेन’मध्येही मिचेलने दारू पिणारा डॉक्टर केला होता. त्याचं पहिलं ऑस्कर नामांकन ते.

साठे, सी-२०१: हॉल साडेनऊला बंद. कोणी उत्तर देत नाहीये.

मनीषा ताई, बी-१०४: साठे काका, देते. ‘स्टेजकोच’ ९६ मिनिटं. ‘हाय नून’ ८५ मिनिटं. सहाला सुरू, ७:३६ ला पहिला संपला, चहाला पंधरा मिनिटं, दुसरा सव्वानऊच्या आसपास संपतो. ‘हाय नून’मध्ये मिचेल गावाचा महापौर आहे. चर्चमध्ये मार्शलची, म्हणजे गावाच्या पोलिस अधिकाऱ्याची, तोंडभर स्तुती करतो आणि त्याच भाषणाच्या ओघात त्याला गाव सोडून जायला सांगतो.

गोखले काका, बी-४०३: ‘हाय नून’ १९५२ चा. मग १९३९ कुठे राहिलं? ‘ओन्ली एंजल्स’ घ्या.

मनीषा ताई, बी-१०४: तो १२१ मिनिटांचा. साडेपाचला सुरू केलं आणि चहा दहा मिनिटांत आटोपला तरच बसतो.

देशपांडे काकू, डी-१०१: रविवारी पावणेसहापर्यंत भजनी मंडळ आहे. हे दर वेळी विसरलं जातं.

पवार, सेक्रेटरी: काकू, कुणी विसरलेलं नाही. भजन ठरल्या वेळीच होईल.

शिंदे मॅडम, ए-१०२: मला तर ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हवा होता. त्यात मिचेल अंकल बिली आहे. विसरू नये म्हणून बोटांना दोरे बांधतो आणि बँकेत खलनायक पॉटरला टोमणे मारण्याच्या भरात आठ हजार डॉलर घडी घातलेल्या वर्तमानपत्रासकट त्याच्याच हातात देऊन येतो. नंतर काउंटरवर खिसे चाचपत राहतो.

गोखले काका, बी-४०३: मॅडम, तो सव्वादोन तासांच्या आत संपतो, एकटाच लावा डिसेंबरात. पण १९८० च्या दशकात रंगवलेली प्रत नको. मूळ कृष्णधवलच.

जाधव, सी-४०४: ते सगळं ठीक. मागच्या महिन्यात सगळे नट जाडे का दिसत होते? तक्रार केली तर ‘डोळे तपासा’ असं उत्तर मिळालं.

मनीषा ताई, बी-१०४: तुमचं बरोबर होतं जाधवजी. या काळातल्या फ्रेमचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७:१, जवळपास चौकोनी. प्रोजेक्टर ‘फुल’वर असला की चित्र १६:९ च्या रुंद चौकटीत ताणलं जातं, चेहरे सुमारे ३० टक्के रुंद होतात. ‘झूम’ केलं तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो, डोकी छाटली जातात. सेटिंग ‘४:३’ ठेवायचं. मात्र फाइलमध्येच दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असतील तर प्रोजेक्टर १६:९ वरच राहू द्या, नाहीतर उलट सगळे बारीक होतील. तपासायची खूण: घोडागाडीचं चाक बघा. गोल दिसलं की सेटिंग बरोबर.

जाधव, सी-४०४: आणि ते मालिकेसारखं गुळगुळीत दिसत होतं ते?

मनीषा ताई, बी-१०४: मोशन स्मूदिंग. मशीन मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरतं. मेनूत जाऊन बंद करायचं. सेकंदाला २४ फ्रेमच राहू दे.

साठे, सी-२०१: हॉल साडेनऊला बंद.

पवार, सेक्रेटरी: साठे साहेब, नोंद झाली. या रविवारी सहाला ‘स्टेजकोच’ आणि ‘हाय नून’. ‘ओन्ली एंजल्स’ पुढच्या महिन्यात. गोखले काका, चालेल ना?

गोखले काका, बी-४०३: चालवून घेतो. पण पोस्टरवर तळाला एवढं घाला: ऑस्कर, टीव्हीचं एमी आणि रंगभूमीचं टोनी ही तिन्ही पारितोषिकं मिळवणारा पहिला पुरुष अभिनेता. शेवटची दोन्ही १९५३ ची. टोनी तर संगीतिकेसाठी, ‘हेझल फ्लॅग’.

रोहित, ए-३०५: हे माहीत नव्हतं काका. आणखी सांगा ना.

गोखले काका, बी-४०३: कोलंबो हा गुप्तहेर टीव्हीवर पीटर फॉकचा म्हणून ओळखला जातो. त्याआधी १९६२ साली रंगभूमीवर तो मिचेलने केला. त्याच डिसेंबरात वारला, १७ तारखेला. दोनच दिवस आधी चार्ल्स लॉटन गेला होता, ‘हंचबॅक’मधला क्वासिमोदो.

शिंदे मॅडम, ए-१०२: ‘साइड अॅक्टर’ काढून ‘चरित्र अभिनेते’ केलंय. पुतळाही काढला. नवं पोस्टर पाठवते, काका, एकदा नजर टाका. या वेळी आधी मला कळवा.

देशपांडे काकू, डी-१०१: मग मसालेभात किती जणांचा करू? आणि पातेलं?