दोन दिवसात चार डुकरं मेली, बाकीची विकू का?

वाडीवरचा: नमस्कार मंडळी. माझ्याकडे लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची डुकरं लहानमोठी धरून 38 आहेत. परवापासून खाणं सोडलंय, ताप 106, कान आणि पोटाखाली लालजांभळं झालंय, चार गेली. स्वाइन फिव्हरची लस मागच्या वर्षी दिली होती तरी हे कसं? व्यापारी म्हणतो निम्म्या भावात आजच उचलतो. देऊन टाकू का?

पशुवैद्य_सांगली: दादा, अजिबात विकू नका, फार्मवरून एकही डुक्कर हलवू नका. तुम्ही दिली ती लस क्लासिकल स्वाइन फिव्हरची. हा आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो, तो वेगळाच व्हायरस आहे, आपल्याकडे 2020 ला आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, आणि ती लस त्याच्यावर चालत नाही. नुसतं बघून दोन्हीतला फरक मलाही सांगता येणार नाही, पीसीआरच (व्हायरस ओळखायची लॅबमधली टेस्ट) करावी लागते. 1962 या सरकारी पशु-हेल्पलाइनला फोन करा, सरकारी डॉक्टर येऊन रक्ताचे नमुने घेतील. मेलेलं डुक्कर स्वतः फाडून बघू नका, रक्त सांडलं की तिथंच पसरतं. माणसाला हा रोग होत नाही, त्याची भीती नको.

खुराडा77: खायला काय घालता? हॉटेलचं खरकटं का?

वाडीवरचा: हो, टेम्पोवाला रोज आणून टाकतो. उकळत नाही, कुणाला वेळ आहे.

खुराडा77: मग झालं 😐 त्या खरकट्यात पोर्कचे तुकडे असले तर व्हायरस थेट घमेल्यात. फ्रीजमधल्या डुकराच्या मटणात पण तो महिनोन्महिने जिवंत राहतो. 90 डिग्रीला तासभर ढवळत शिजवायला पाहिजे, नुसतं कोमट करून काही होत नाही. आणि तोच टेम्पो दिवसभर दहा फार्म फिरतो, चाकं कोण धुतंय?

पशुवैद्य_सांगली: बरोबर. अजून एक, परवा एका ठिकाणी बघितलं, एकाच सुईनं पंचवीस डुकरांना इंजेक्शन. एक आजारी असेल तर बाकीच्यांना आपणच टोचतोय की. फवारणीचं पण तेच, शेण तसंच ठेवून औषध मारलं तर त्याचा जोर शेणातच मरतो, आधी खरडून साबणानं धुवा, मग सोडियम हायपोक्लोराईट.

रानमाळ: पण खरं सांगा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एक किमीच्या आतली सगळी मारतात ना? म्हणूनच लोक लपवतात. शेजारी पण शिव्या घालणार.

पशुवैद्य_सांगली: मारतात, आणि दहा किमीपर्यंत पाळत ठेवतात. पण सरकारनं मारलेल्याची भरपाई आहे, आधीच मेलेल्याची मिळेल या भरवशावर राहू नका. म्हणून लवकर कळवण्यात फायदा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्यानं कळवणं सक्तीचं पण आहे.

वाडीवरचा: डॉक्टर येऊन गेले, रक्त घेतलं, बर्फात घालून नेलं. मेलेली चार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. व्यापारी संध्याकाळी परत आला होता, त्याला गेटच्या बाहेरूनच घालवला. खरकट्याच्या टेम्पोला पण उद्यापासून येऊ नको म्हणालो, आता मका-पेंडीचा हिशोब करतोय, डोकं गरगरतंय. रिपोर्ट आला की टाकतो.