शब्दचर्चा: कृपादान, वरदान की नुसतं दान?

दारव्ह्याकडचे वाचक: भाऊ, आमच्याकडं प्रार्थनासभेत 'आत्म्याचं दान', 'कृपादान', 'वरदान' सगळं एकाच अर्थानं चालते. त्यात उपासनेत थैली फिरते, तेही दानच. नेमकं काय म्हणावं?

बायबल वर्गाच्या ताई: थैलीत पडतं त्याला 'अर्पण' म्हणा, अर्धा घोळ तिथंच मिटतो. १ करिंथ (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र) १२:४ मधला ग्रीक शब्द 'खारिस्मा'. तो 'खारिस' म्हणजे कृपा, यावरून आलेला, म्हणून 'कृपादान' नेमका बसतो. प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये मात्र 'दोरेआ' आहे, तोही एकवचनी. तिथलं दान म्हणजे खुद्द पवित्र आत्मा. 'वरदान' मी टाळते. वर मिळवायला तप लागतं, उपासतापास लागतात; कृपादान आत्मा आपल्या इच्छेनं वाटून देतो (१ करिंथ १२:११). 'वरदानी पास्टर' हा शब्द रूढ झाला की मंडळी (चर्चमधले लोक) त्याच्यापुढं हात जोडून बसते आणि बाकीच्यांची कृपादानं गंजतात.

मेळघाटातले वाचक: आणि 'संदेश'? आमच्यात 'आज संदेश कोण देणार' म्हणजे प्रवचन कोण करणार.

ताई: मराठी बायबलात 'संदेश देणे' हे संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचं काम, प्रवचन नव्हे. त्याला १ करिंथ १४:२९ ची चाळणी आहे: दोघातिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारखावं. "देवानं सांगितलं, अमक्या घरी सोयरीक करा" असं कोणी म्हटलं तर चर्चच्या वडीलमंडळींनी (पुढाऱ्यांनी) तपासल्याशिवाय हलू नये. अन्य भाषांनाही (न शिकता आत्म्यानं बोलायला दिलेल्या) तीच शिस्त: फार तर तिघं, पाळीपाळीनं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प (१४:२७-२८).

मेळघाटातले वाचक: आमची आजी कोरकूत प्रार्थना करते. पाहुणे म्हणाले, अन्य भाषेचं दान आहे!

ताई: ती तिची मायबोली आहे हो, शिकून आलेली. फक्त सभेत मराठीत अर्थ सांगायला कोणी असू द्या, म्हणजे सगळ्यांना 'आमेन' म्हणता येईल.

दारव्ह्याकडचे वाचक: गावातले म्हणतात, तुमच्यातही अंगात येते.

ताई: १ करिंथ १४:३२ दाखवा. संदेष्ट्याचा आत्मा त्याच्या स्वाधीन असतो. त्याला थांबता येतं, पाळी सोडता येते. अंगात आलेल्याला भान राहत नाही, असं लोकच सांगतात. 'आत्म्यानं मला आवरू दिलं नाही' ही सबब म्हणून चालत नाही.

आणखी एक. १ करिंथ १२:९ मध्ये 'बरे करण्याची कृपादाने' असं अनेकवचन आहे, एका माणसाला चिकटलेली पदवी नव्हे. प्रार्थना झाली म्हणून टीबीच्या गोळ्या मधेच सोडू देऊ नका. साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो. अर्धवट सोडला की रोग उलटतो आणि तेच औषध पुढं लागू पडेनासं होतं.

दारव्ह्याकडचे वाचक: मंग आपलं कृपादान ओळखावं कसं?

ताई: फॉर्म भरून नाही. रोम १२:६-८ वाचा: सेवा, शिकवणं, बोध, देणं, पुढारपण, दया. यातलं एक काम चर्चच्या वडीलमंडळींच्या देखरेखीखाली दोन-तीन महिने करा, मग मंडळीलाच विचारा की कोणाचं भलं झालं. दवाखान्यात पेशंटजवळ रात्र काढणाऱ्या बाईला कोणी 'कृपादान' म्हणत नाही, पण यादीत 'दया' आहेच.